पाणी वापर संस्थेची निवडणूक शिकवणारा एक दिवसाचा वर्ग: एक परीक्षण

कालव्याचे पाणी शेतकऱ्यांमध्ये वाटणाऱ्या पाणी वापर संस्थेच्या निवडणुकीत मत कोणाला असते, ते कोणत्या कागदाच्या आधारावर मिळते आणि त्याचे वजन किती, हे शिकवणारा एक दिवसाचा प्रशिक्षण वर्ग नागपुरात धंतोलीतील एका लहान सभागृहात भरतो. सकाळी दहा ते सायंकाळी पाच ही त्याची वेळ असून चहा, जेवण आणि छापील पुस्तिका धरून 200 रुपये शुल्क घेतले जाते. आमची शेती मौदा तालुक्यात, पेंच प्रकल्पाच्या एका मायनरच्या, म्हणजे लहान उपकालव्याच्या, अगदी शेवटच्या टोकाला आहे आणि आमच्या संस्थेची निवडणूक जवळ आली आहे, म्हणून मी या वर्गाला नाव नोंदवले. कालव्याच्या पाण्यावर ज्यांचे धान किंवा गहू उभा असतो त्या प्रत्येक घरातून एकाने तरी हा वर्ग करावा, असे माझे मत झाले आहे. तरीही मतदार यादीसारखा कळीचा विषय या वर्गात जेमतेम अर्ध्या तासात उरकला जातो, ही त्याची मोठी उणीव असून तिच्याविषयी मी पुढे सविस्तर लिहिले आहे.

वर्गाला आलेली बहुतेक मंडळी पारशिवनी, रामटेक, मौदा आणि कामठी या तालुक्यांतली होती. काही जण भिवापूर आणि कुही भागातून, गोसीखुर्दच्या मोखाबर्डी उपसा सिंचन योजनेच्या लाभक्षेत्रातून आले होते. पेंचच्या पाण्याची वाट या सर्वांना पाठ असते. तोतलाडोहच्या मोठ्या जलाशयातून पाणी खाली नवेगाव खैरीला येते आणि तेथून उजव्या व डाव्या कालव्यांनी वितरिका, मायनर आणि चाऱ्यांमधून शेतापर्यंत पोहोचते. हे पाणी पाळीने सुटते, पाळीचे दिवस मोजके असतात, आणि ज्याचे शेत मायनरच्या मुखाशी आहे त्याची बांधी भरल्याशिवाय पाणी पुढे सरकत नाही, हा या भागाचा नेहमीचा अनुभव आहे. धान निसवण्याच्या वेळी पुच्छ, म्हणजे टोकाच्या, भागातल्या शेतकऱ्याला एक पाळी चुकली तर त्याचा हंगाम हातचा जातो. त्यामुळे पाळीचा क्रम कोण ठरवतो, कालव्याचे दार किती वेळ उघडे राहील हे कोण सांगतो आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला कोणाचे ऐकावे लागते, हे प्रश्न येथे पोटापाण्याचे आहेत. ज्या संस्थेच्या हाती हे निर्णय असतात तिचे संचालक निवडण्याचे नियम शिकवणारा वर्ग म्हणूनच मोलाचा आहे.

सकाळचे पहिले सत्र पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका उपअभियंत्यांनी घेतले. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, 2005 हे लांबलचक नाव ऐकूनच अनेकांचा उत्साह मावळतो, पण त्यांनी कलमांचे वाचन टाळून या कायद्याने आधीच्या व्यवस्थेत काय बदलले तेवढेच सांगितले आणि ते फार नेमके सांगितले. त्याआधीच्या पाणी वापर संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदवल्या जात. त्यामुळे ज्याने संस्थेचा भाग (शेअर) विकत घेतला तो सभासद, आणि ज्याला संस्थेत यायचे नाही तो बाहेर राहूनही त्याच चारीचे पाणी घेत असे. 2005 च्या कायद्याने हे चित्र बदलले. संस्थेच्या कार्यक्षेत्रात ज्याची जमीन आहे तो सभासद होतो, आणि संस्था उभी राहिल्यावर पाणी वैयक्तिक अर्जावर न देता संस्थेला मोजून दिले जाते. दुसरा बदल कार्यक्षेत्राच्या आखणीचा आहे. हे क्षेत्र गावाच्या शिवेप्रमाणे न आखता पाणी ज्या मायनरमधून येते त्या मायनरप्रमाणे आखले जाते. परिणामी एकाच गावातले दोन शेजारी दोन वेगवेगळ्या संस्थांचे सभासद असू शकतात, तर तीन गावांचे शेतकरी एका संस्थेत येतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतली गणिते आणि गट येथे तसेच्या तसे लागू पडत नाहीत ते यामुळेच. ही गोष्ट वर्गातल्या अनेकांना प्रथमच उमगली, आणि एका सरपंचांनी त्यावर बराच वेळ प्रश्न विचारले.

यानंतरचा अभ्यास-मतदानाचा भाग हा या वर्गाचा उत्कर्षबिंदू म्हणावा लागेल. प्रशिक्षकांनी फळ्यावर एक काल्पनिक मायनर काढला. त्यावर 30 खातेदार आणि 120 हेक्टर जमीन दाखवली. शीर्ष भागात 14 खातेदारांकडे 60 हेक्टर, मध्य भागात 10 जणांकडे 36 हेक्टर आणि पुच्छ भागात 6 जणांकडे 24 हेक्टर अशी वाटणी होती. शीर्षातले पाच खातेदार मोठे असून त्यांच्याकडेच 50 हेक्टर होते, आणि मध्य भागातल्या दोघांकडे मिळून 14 हेक्टर होते. उपस्थितांपैकी प्रत्येकाला एका खातेदाराची चिठ्ठी देण्यात आली आणि नऊ संचालकांसाठी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मतदान घेण्यात आले.

पहिल्या फेरीत सगळ्यांनी मिळून नऊही जागांसाठी मत दिले. शीर्षातल्या चौदा जणांनी मध्य भागातले दोन मतदार आपल्याकडे वळवले, तीसपैकी सोळा मते एकत्र आली आणि नऊच्या नऊ जागा त्या गटाने जिंकल्या. पुच्छ भागाला एकही जागा मिळाली नाही, आणि या निकालात नियमबाह्य असे काहीच नव्हते. दुसऱ्या फेरीत माणसाऐवजी हेक्टरला मत देण्यात आले. तेव्हा शीर्षातले पाच आणि मध्यातले दोन असे केवळ सात खातेदार एकत्र येताच त्यांच्याकडे 120 पैकी 64 मते झाली आणि उरलेल्या तेवीस जणांच्या मतांना काही अर्थ उरला नाही. तिसऱ्या फेरीत प्रत्येक भागाने आपापल्या तीन जागा निवडल्या आणि प्रथमच पुच्छ भागाचे तीन प्रतिनिधी फळ्यावर आले. आपल्या 2005 च्या कायद्याने संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ या तिन्ही भागांना समान जागा का दिल्या आणि अध्यक्षपदही या भागांमध्ये फिरते का ठेवले, हे त्या तीन निकालांकडे पाहताना वेगळे समजावून सांगावे लागले नाही. माझ्या हातात पुच्छातल्या एका खातेदाराची चिठ्ठी आली होती. पहिल्या दोन फेऱ्यांत माझे मत मोजले गेले आणि तरीही वाया गेले, हा अनुभव कोणत्याही व्याख्यानाने मला दिला नसता.

या तक्त्यावरून प्रशिक्षकांनी आणखी एक मुद्दा काढला, तो नोंदवण्याजोगा आहे. तिसऱ्या पद्धतीतही पुच्छ भागाकडे नऊपैकी तीनच जागा असतात, म्हणजे पाळी टोकापासून सुरू करावी असा ठराव मंजूर करून घ्यायचा असेल तर मध्य भागाला सोबत घ्यावेच लागते. कायद्याने दिलेल्या समान जागांमुळे पुच्छ भागाला बोलण्याची जागा मिळते, ठरावाचे बहुमत मात्र त्याने स्वतः जमवायचे असते. वाघाड प्रकल्पावर, नाशिक जिल्ह्यात, शेतकऱ्यांच्या संस्थांनी संपूर्ण प्रकल्पाचे पाणीवाटप आपल्या हाती घेतले, त्यामागेही अशी वर्षानुवर्षांची जमवाजमव होती, असे त्यांनी सांगितले. वाघाडच्या उदाहरणाला दहा मिनिटेच मिळाली. त्याला याहून अधिक वेळ द्यायला हवा होता.

दुपारच्या जेवणाआधीचे सत्र एका वकील बाईंनी घेतले आणि त्याचा विषय माझ्या दृष्टीने अनपेक्षित होता. अमेरिकेत पाण्याचे स्थानिक जिल्हे, म्हणजे पाण्याचे व्यवस्थापन पाहणाऱ्या स्थानिक संस्था, असतात, त्यांना निवडून आलेले संचालक मंडळ असते, आणि तेथे मत कोणाला हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. मौद्याच्या शेतकऱ्याला कॅलिफोर्नियाची कथा कशाला, असा प्रश्न माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी हळूच विचारला होता, पण सत्र संपेपर्यंत सर्वाधिक टिपणे त्यांनीच काढली.

कथा अशी आहे. कॅलिफोर्नियातील टुलारे लेक बेसिन या पाणीसाठा जिल्ह्यात सुमारे 1,93,000 एकर जमीन होती आणि तेथे राहणारी माणसे होती केवळ 77. चार कंपन्यांकडे मिळून सुमारे 85 टक्के जमीन होती. या जिल्ह्याच्या निवडणुकीत फक्त जमीनमालकांना मत असे आणि तेही जमिनीच्या मूल्यांकनाप्रमाणे, दर 100 डॉलरला एक या हिशेबाने मोजले जाई. त्यामुळे जे. जी. बॉसवेल या एकाच कंपनीकडे 37,825 मते होती. 1969 च्या पुराच्या वेळी पाणी ब्युएना व्हिस्टा सरोवराच्या बाजूला वळवावे असा विषय मंडळापुढे आला, तेव्हा सहा विरुद्ध चार मतांनी तो बाजूला ठेवण्यात आला. त्या सरोवराच्या पात्रात बॉसवेल कंपनीची दीर्घ मुदतीच्या कराराने घेतलेली शेती होती. जिल्ह्यात राहणाऱ्या पण शेतजमीन नसलेल्या एका रहिवाशाचे घर त्या पुरात पंधरा फुटांहून अधिक पाण्याखाली होते, असे न्यायमूर्ती डग्लस यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात नमूद केले आहे. तरीही 1973 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने ही मतदानपद्धती वैध ठरवली. अशा जिल्ह्याचे काम मर्यादित आहे आणि त्याच्या खर्चाचा भार जमिनीवरच पडतो, म्हणून ‘एका व्यक्तीला एक मत’ हे तत्त्व येथे बंधनकारक नाही, असा बहुमताचा युक्तिवाद होता. 1981 मध्ये ॲरिझोनातील सॉल्ट रिव्हर जिल्ह्याच्या बाबतीत हाच प्रश्न पुन्हा आला. तो जिल्हा फिनिक्ससारख्या मोठ्या शहराला वीज विकत होता आणि मते मात्र एकराप्रमाणे मोजत होता. तेथेही न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी एकराचेच मत मान्य केले.

बाईंनी हे केवळ गोष्ट म्हणून सांगितले नाही. कॅलिफोर्नियातच दुसऱ्या प्रकारचे सिंचन जिल्हेही आहेत, आणि तेथे जिल्ह्यात राहणारा नोंदणीकृत मतदार, त्याच्याकडे जमीन असो वा नसो, मत देतो, हे त्यांनी आवर्जून पुढे मांडले. एकाच राज्यात, एकाच नदीखोऱ्यात, एका संस्थेत मत मालमत्तेला आणि शेजारच्या संस्थेत ते माणसाला असू शकते, याचा अर्थ हा नियम निसर्गाने किंवा कालव्याच्या रचनेने ठरत नाही, तो माणसांनी केलेला असतो आणि माणसांना बदलता येतो, असे त्या म्हणाल्या. आपल्याकडे दोन एकरवाल्याचे आणि वीस एकरवाल्याचे मत सारखेच मोजले जाते. सहकार कायद्याच्या कलम 27 नेही सभासदाकडे भाग कितीही असले तरी त्याला एकच मत दिले होते. ही समानता आपण गृहीत धरतो, म्हणून सकाळच्या दुसऱ्या फेरीतला हेक्टरचा निकाल आम्हाला केवळ खेळ वाटला होता, परंतु जगात तो प्रत्यक्षात लागलेला आणि न्यायालयाने मान्य केलेला निकाल आहे, हे कळल्यावर सभागृहात बराच वेळ चर्चा रंगली. सगळ्या दिवसातले हे सर्वांत विचार करायला लावणारे सत्र होते, आणि वर्गाच्या आयोजकांनी ते काढून टाकण्याचा विचार कधीही करू नये.

त्याच सत्रात एक अवघड प्रश्न उपस्थित झाला. टुलारेच्या 77 रहिवाशांची स्थिती आणि आपल्या मायनरवर रोजीने रोवणी करणाऱ्या भूमिहीन मजुरांची स्थिती यांत फरक काय, असे एका तरुणाने विचारले. आपल्या संस्थेतही मत जमिनीच्या नात्याने मिळते. पाणी न आल्यास मजुराची रोवणी आणि कापणी दोन्ही बुडते, पण मतपत्रिका त्याच्या हाती येत नाही. बाईंनी या प्रश्नाला बगल दिली नाही. कायदा जमीनधारकांची संस्था उभी करतो, त्यामुळे मजुराला या निवडणुकीत स्थान नाही, आणि त्याचा आवाज ग्रामसभेतूनच येऊ शकतो, असे त्यांनी सरळ सांगितले. उत्तर समाधानकारक नव्हते, पण ते प्रामाणिक होते.

आता उणिवेविषयी. जेवणानंतर मतदार यादीचे सत्र होते आणि त्याला अवघा अर्धा तास देण्यात आला. माझ्या मते या निवडणुकीचा अर्ध्याहून अधिक निकाल मतदानाच्या दिवसाआधी, यादी तयार होताना लागतो. यादीचा आधार सातबारा आणि आठ-अ असतो, आणि आपल्याकडे हे उतारे प्रत्यक्ष वहिवाटीच्या कितीतरी वर्षे मागे असतात. आजोबा जाऊन एक पिढी उलटली तरी वारसांचा फेरफार झालेला नसतो. अशा खात्यावर मत कोणी द्यायचे? जिवंत वारसांपैकी एकाने, सगळ्यांनी, की कोणीच नाही? सामाईक खात्याचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. सहकारी संस्थेत भाग संयुक्त नावावर असेल तर ज्याचे नाव पहिले त्याला मताचा हक्क, हा नियम निदान स्पष्ट होता. परंतु सातबाऱ्यावर भाऊ, काका आणि त्यांची मुले अशी नऊ-दहा नावे ओळीने असतात आणि घरात वाटणी तोंडी झालेली असते. वर्गात या प्रश्नावर पाच जणांनी हात वर केले, आणि प्रशिक्षकांना वेळेअभावी दोघांनाच उत्तर देता आले.

हिंदू वारसा कायद्यात 2005 साली झालेल्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये तो हक्क जन्मापासूनच असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे आता अनेक सातबाऱ्यांवर लग्न होऊन नागपूर, वर्धा किंवा त्याहून दूर गेलेल्या बहिणींची नावे आहेत. आमच्या उताऱ्यावर माझ्या आईचे, आम्हा दोन भावांचे आणि बहिणीचे नाव आहे. बहीण कोराडीला राहते. तिला या निवडणुकीची सूचना मिळणार का, मिळाली तर ती कोणत्या पत्त्यावर, आणि ती आली नाही तर तिच्या नावाचे काय होते, हे मला घरी जाऊन तिला सांगायचे होते. हक्कसोडपत्र करून देण्यासाठी बहिणींवर जो दबाव येतो त्याला आता संस्थेतल्या मतांचे आणखी एक कारण जोडले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. हा विषय वर्गात काढलाही गेला नाही.

मक्त्याने किंवा बटईने कसणाऱ्याचे तर याहून वाईट आहे. 2005 च्या कायद्यात धारकासोबत भोगवटादाराचाही उल्लेख आहे, म्हणजे जमीन प्रत्यक्ष ज्याच्याकडे आहे त्याचा विचार कायद्याने केला आहे. पण आपल्या भागात मक्ता बहुतेक तोंडी ठरतो. मालक नागपुरात नोकरी करतो, शेत गावातला दुसरा कोणी वाहतो, पाणीपट्टीही तोच भरतो आणि रात्री दोन वाजता दारावर पाण्याची राखण करायलाही तोच जातो. कागद मात्र मालकाच्या नावाचा असतो, कारण लेखी करार केला तर जमिनीवर कुळाचा हक्क लागेल ही भीती मालकाच्या मनात खोलवर आहे. ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइलवरून होणारी पिकाची, नोंद येथे पुरावा म्हणून कितपत उपयोगी पडते, याची चर्चा एखाद्या उदाहरणासह झाली असती तर वर्गाला आलेल्या निदान दहा जणांचे काम झाले असते. आयोजकांनी वाघाडला दहा मिनिटे दिली हे मी समजू शकतो. मतदार यादीला तीस मिनिटे देणे मात्र योग्य नाही. ज्याचे नाव यादीत नाही त्याला शीर्ष, मध्य, पुच्छ यांची समानता शिकवून काही उपयोग नाही.

महिला संचालकांविषयीचे सत्र छोटे पण चांगले होते. कायद्यात महिलांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद असल्यामुळे संचालक म्हणून त्यांची नावे लागतात, पण बैठकीला नवरा किंवा मुलगा जातो, हे वास्तव प्रशिक्षकांनी न लपवता मांडले. पारशिवनी तालुक्यातून आलेल्या एका माजी संचालक बाईंना दहा मिनिटे बोलायला सांगितले गेले. पाणी मोजण्याचे यंत्र कसे वाचायचे हे शिकल्यावर मंडळातल्या पुरुषांनी आपल्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली, असे त्यांनी सांगितले. त्यांचे बोलणे विस्कळीत होते, तरी ते सर्वांनी लक्ष देऊन ऐकले.

शेवटच्या सत्राविषयी माझे मत संमिश्र आहे. निवडून आलेल्या संचालक मंडळाला काय काय ठरवता येते, याची यादी प्रशिक्षकांनी दिली. त्यात पाळीचा क्रम, सभासदांमधली पाणीवाटणी, पाणीपट्टीची वसुली, चाऱ्यांची दुरुस्ती आणि मंजूर पाण्यात कोणते पीक घ्यायचे याचे स्वातंत्र्य या गोष्टी होत्या. ही माहिती बरोबर होती, पण चित्राची एक बाजू राहून गेली. हंगामात कालव्याला एकूण किती पाणी सुटणार हे आपल्या मायनरच्या मतपेटीतून ठरत नाही. ते जलाशयातल्या साठ्यावर, पिण्याच्या आणि उद्योगांच्या आरक्षणावर आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीवर अवलंबून असते. नागपूर शहराची तहान मुख्यतः याच पेंचवर भागते. मध्य प्रदेशात वरच्या बाजूला चौराई धरण झाल्यावर तोतलाडोहला येणारे पाणी घटले, आणि 2019 च्या जुलैत तर शहरातल्या नळांनाही आठवड्यातले काही दिवस पाणी बंद ठेवावे लागले. अशा वर्षी उत्तम निवडून आलेले संचालक मंडळसुद्धा सिंचनाचे पाणी वाढवू शकत नाही. आहे त्या पाण्याची झळ टोकापासून मुखापर्यंत सारखी वाटून घेणे एवढेच त्याच्या हाती असते. मतदाराने आपल्या संचालकाकडून योग्य तीच अपेक्षा ठेवावी यासाठी ही मर्यादा सांगणे आवश्यक होते. शहरातून आलेल्या माझ्यासारख्यांना तर ती विशेष सांगायला हवी होती. आमच्या घरच्या नळाला आणि आमच्या शेताच्या चारीला येणारे पाणी एकाच जलाशयातले आहे, आणि नळाच्या पाण्यासाठी आम्ही नगरसेवक निवडतो, चारीच्या पाण्यासाठी संचालक, पण या दोन्ही पाण्यांची विभागणी जेथे होते तेथे यांपैकी कोणासाठीही थेट मतदान होत नाही.

व्यवस्थेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सभागृह स्वच्छ आहे, पंखे पुरेसे आहेत, मागच्या रांगेपर्यंत आवाज नीट येतो. जेवणात वरण-भात, पोळी आणि वांग्याची भाजी होती, आणि ती गरम होती. वाहने लावायला जागा नाही, त्यामुळे गावाकडून येणाऱ्यांनी बसने येणे बरे. दोन्ही प्रशिक्षकांची भाषा सोपी होती आणि वऱ्हाडी-झाडी वळणाच्या बोलीत विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी त्याच आपुलकीने उत्तरे दिली.

पुस्तिकेचा मात्र स्वतंत्र उल्लेख करायला हवा. चाळीस पानांच्या या पुस्तिकेत अभ्यास-मतदानाचा तक्ता, संस्थेच्या नकाशाचा नमुना आणि सभेच्या इतिवृत्ताचा नमुना आहे. तक्ता इतका सुटसुटीत छापला आहे की गावातल्या पारावर बसूनही तो खेळ कोणालाही घेता येईल, आणि मी तो आमच्या मायनरवरच्या काही जणांसोबत घेणार आहे. पुस्तिकेत दोन गोष्टींची भर पडावी. पहिली म्हणजे मतदार यादीवर हरकत घेण्याच्या अर्जाचा नमुना, सोबत कोणते कागद जोडायचे याच्या टिपणासह. दुसरी म्हणजे वारस नोंद, सामाईक खाते, हक्कसोडपत्र आणि तोंडी मक्ता या चार प्रकारांची प्रत्येकी एक सोडवलेली अडचण.

ज्यांच्या संस्थेची निवडणूक येत्या काही महिन्यांत आहे आणि ज्यांनी पूर्वी कधी सभेला हजेरी लावलेली नाही, त्यांच्यासाठी हा वर्ग अत्यंत उपयुक्त आहे. जे आधीच संचालक आहेत त्यांना सकाळचे पहिले सत्र परिचयाचे वाटेल, पण अभ्यास-मतदान आणि अमेरिकेच्या खटल्यांचे सत्र त्यांनीही चुकवू नये. ज्यांची मुख्य अडचण उताऱ्यावरच्या नावाची आहे, त्यांनी केवळ या वर्गावर विसंबून न राहता वर्गाला येण्यापूर्वीच तलाठ्याकडून चालू सातबारा, आठ-अ आणि प्रलंबित फेरफाराची प्रत घेऊन ठेवावी आणि ती सोबत आणावी. मधल्या सुटीत प्रशिक्षक वैयक्तिक कागद पाहतात, आणि सत्रात न मिळालेली उत्तरे मला तेथेच मिळाली.

आयोजकांना मी लेखी अभिप्राय दिला आहे. मतदार यादीचे सत्र सकाळी ठेवून त्याला दोन तास द्यावेत, आणि प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींची मुदत संपण्याआधी एक अर्धा दिवस मौदा किंवा रामटेक येथे, तहसील कार्यालयाच्या जवळ घ्यावा, म्हणजे शंका निघताच उतारा काढता येईल आणि अर्ज त्याच दिवशी देता येईल, अशी सूचना त्यात केली आहे. पुढील वर्गाची तारीख ठरवताना या सूचनेचा विचार करू, असे त्यांनी कळवले आहे.